टॉप-डाउन डिझाइन: फोड किती बारीक करायची आणि स्टबमध्ये काय भरायचं?

अर्धविराम
वर्ष आणि महिना दिला की त्या महिन्याचं कॅलेंडर छापणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहायचा आहे. तयार कॅलेंडर मॉड्यूल वापरायचं नाही, पद्धत टॉप-डाउनच हवी (आधी वरचं मोठं काम, मग त्याची लहान फंक्शनांत फोड). आठवडा रविवारपासून सुरू. वरची पातळी अशी केली आहे:

महिना_छापा(वर्ष, महिना):
    रिकामे = पहिल्या_तारखेचा_वार(वर्ष, महिना)
    दिवस = महिन्याचे_दिवस(वर्ष, महिना)
    मथळा_छापा(वर्ष, महिना)
    तक्ता_छापा(रिकामे, दिवस)

आता अडचण अशी की खाली फोड करत कुठपर्यंत जायचं? खालची फंक्शनं होईपर्यंत स्टबमधून (खऱ्या फंक्शनच्या जागी तात्पुरतं ठरावीक उत्तर देणाऱ्या फंक्शनमधून) ० आणि ३० परत केले तर चालेल का? आणि लीप वर्षाचा हिशेब दोन फंक्शनांना लागतोय, तो कोणाच्या खाली टाकू?

कंसबंद
फोड ठीक आहे. फक्त ‘वार’ म्हणजे कोणता आकडा, हे कुठेच ठरलेलं नाही. पायथनच्या तारखेवरचं वीकडे सोमवारला ० देतं, आयएसओवीकडे सोमवारला १ आणि रविवारला ७, आणि सी भाषेच्या टीएम_डब्ल्यूडेमध्ये रविवार ०. तुझा तक्ता रविवारपासून आहे, म्हणजे रविवार ० ते शनिवार ६ हेच सोयीचं. स्टब लिहितानाच त्याच्या डोक्यावर ही कॉमेंट टाक. नंतर खरं फंक्शन लिहिताना हे आठवत नाही आणि सगळं कॅलेंडर एक घर सरकतं.

स्टबमध्ये ० आणि ३० अजिबात नको. कारण सांगतो. तक्ता छापताना ओळ कधी मोडायची याची अट आहे (रिकामे + तारीख) % ७ == ०; रिकामे म्हणजे पहिल्या तारखेआधीची मोकळी घरं, % म्हणजे भागाकाराची बाकी. बरेच जण चुकून नुसतं तारीख % ७ लिहितात. रिकामे शून्य असेल तर दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणजे स्टबच बग झाकून टाकतो. त्यापेक्षा आधी ६ आणि ३१ भर: शनिवारी सुरू होणारा ३१ दिवसांचा महिना, सहा ओळी. ऑगस्ट २०२६ तसाच आहे. मग ० आणि २८ भर: बरोबर चार ओळी, फेब्रुवारी २०२६. लूप संपल्यावर बिनशर्त ओळ मोडली असेल तर इथे खाली एक फालतू रिकामी ओळ दिसेल. या दोन जोड्या पास झाल्या की तक्ता_छापाला पुन्हा हात लावायचा नाही.

थांबायचं कुठे? फंक्शनचं अंग दहा-बारा ओळींत, न अडखळता लिहिता येत असेल तिथे. मथळा_छापाची आणखी फोड करणं म्हणजे निव्वळ मार्कांसाठी.

ओळ_बेचाळीस
लीप वर्षाबद्दल. कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं याचं कागदावर झाड काढलं की प्रत्येक फंक्शनला एकच पालक (बोलावणारं फंक्शन) दिसतो, प्रत्यक्षात तसं राहत नाही. महिन्याचे_दिवस फेब्रुवारीसाठी लीप विचारतं. पहिल्या_तारखेचा_वार १ जानेवारी १९०० (सोमवार) पासूनचे दिवस मोजणार असेल, तर त्यालाही लीप हवं, शिवाय महिन्याचे_दिवससुद्धा हवं. म्हणून लीप_आहे(वर्ष) कोणाच्याही आत न ठेवता सगळ्यांत खाली वेगळं ठेव. ते आधी लिहून तपासलंस तरी हरकत नाही; खालून एक वीट आधी रचली म्हणून डिझाइन बिघडत नाही. ४ ने भाग जातो आणि १०० ने जात नाही, किंवा ४०० ने जातो. तपासायला १९००, २०००, २०२४ आणि २०२६ पुरेत: नाही, हो, हो, नाही.

वाराचं सूत्र: (१ + १ जानेवारी १९००पासून झालेले दिवस) % ७. दिवस मोजताना चालू महिना धरायचा नाही. ही चूक हमखास होते, आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ती लपते, कारण २८ ला ७ ने भाग जातो.

उलटा_स्टॅक
वरच्या पातळीबद्दल माझं मत वेगळं. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७१ मध्ये पायरीपायरीने फोड करण्याची पद्धत आठ वजिरांच्या कोड्यावर (बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना मारू शकणार नाहीत असे ठेवायचे) मांडली. तिथे प्रश्न बदलणार नसतो, म्हणून ती छान बसते. १९७२ मध्ये दुसरे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी दुसरी बाजू दाखवली: कामाच्या क्रमाने भाग न पाडता, जो निर्णय पुढे बदलू शकतो तो एका भागात लपवा.

तुझ्याकडे असा निर्णय ‘छापा’ हा आहे. उद्या सांगितलं की अख्खं वर्ष छाप, एका रांगेत तीन महिने, तर महिना_छापा निरुपयोगी. स्क्रीनवर ओळ एकदा गेली की तिच्या शेजारी दुसरा महिना लावता येत नाही. त्यापेक्षा महिना_ओळी कर, जे न छापता ओळींची यादी परत करेल. प्रत्येक वेळी ८ ओळीच: मथळा, वारांची ओळ, सहा आठवडे. प्रत्येक ओळ २० रकान्यांची (७ तारखा × २, मध्ये ६ जागा), कमी पडेल तिथे स्पेस भरायची. तीन महिने आणि मध्ये दोन-दोन जागा, एकूण ६४. स्पेस भरल्या नाहीत तर चार ओळींच्या फेब्रुवारीशेजारचा मार्च खालच्या आठवड्यांत डावीकडे घसरतो.

मथळा मराठीत हवा असेल तर सावध. पायथनला ‘फेब्रुवारी’ची लांबी १० दिसते, आपल्याला अक्षरं चारच. लांबी मोजून मध्यावर आणलेला मथळा वाकडाच बसणार.

अर्धविराम
महिना_ओळी करतो. १९०० च्या आधीचं वर्ष दिलं तर?

ओळ_बेचाळीस
दिवस मोजणारा लूप एकदाही फिरणार नाही, एरर येणार नाही आणि १८५७ सालच्या जानेवारीची सुरुवातही सोमवारीच दिसेल. तपासणी अगदी वर, इनपुट घेतल्या घेतल्या ठेव: वर्ष १९०० पेक्षा कमी किंवा महिना १ ते १२ च्या बाहेर असेल तर नकार. खालच्या फंक्शनांत तीच तपासणी पुन्हा नको.