जगभर विखुरलेले प्रकल्पगट: भवितव्य रात्रीच्या बैठकीत की लिहून ठेवलेल्या कामात?

कोथरूडकर (धागाकर्ता)
गेली अठरा वर्षे मी पुण्यात बसून परदेशी ग्राहकांचे सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळतो आहे. या काळात जिरा, स्लॅक, झूम, टीम्स अशी कामाच्या नोंदीची आणि संवादाची साधने एकामागून एक आली. अंतर मिटवण्याचे आश्वासन प्रत्येकाने दिले, पण प्रत्यक्षात आमच्या बैठकाच वाढल्या. माझे मत असे आहे की, ज्या गटात सर्वांनी एकाच वेळी ऑनलाइन येण्याची गरज कमीत कमी असेल आणि निर्णय, त्यामागची कारणे व उरलेल्या शंका लिहून ठेवल्या जातील, तोच गट पुढे टिकेल. लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, उदाहरण घ्या. १९९१ पासून चाललेल्या या कामात जगभरचे हजारो विकसक ईमेलने पॅच (कोडमधील बदल) पाठवतात, त्यावर लेखी वाद घालतात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडते. २००५ मध्ये बिटकीपर हे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन मोफत वापरण्याची त्यांची सवलत संपली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहिले. प्रत्येकाजवळ प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असावा आणि कोणी कोणाच्या जागे राहण्यावर अवलंबून नसावे, ही त्याची रचनाच मला भविष्याची दिशा वाटते.

यंत्रज्ञ
हे सॉफ्टवेअरवाल्यांचे मत झाले. आमच्या क्षेत्रात एअरबस ए-३८० ची कथा अजून सांगितली जाते. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आहेत. हँबर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच आराखड्यावर काम करत आहेत अशी सर्वांची समजूत होती, परंतु कॅटिया या संगणकीय आरेखनाच्या साधनाची चौथी आवृत्ती एकीकडे आणि पाचवी दुसरीकडे वापरली जात होती. हँबर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझमध्ये विमानात बसवायला घेतले, तेव्हा ते ठिकठिकाणी आखूड पडले. शेकडो जर्मन कामगारांना तुलूझला नेऊन ते काम हातांनी निस्तरावे लागले आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. आरेखन हे कोणत्याही इतिवृत्तापेक्षा काटेकोर लेखन असते, तरीही ते फसले. दोन्हीकडची माणसे वेळेवर एका टेबलाशी बसली असती, तर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारले असते, की तुमच्या पडद्यावर हे असे का दिसते?

कोथरूडकर
यंत्रज्ञ, उदाहरण चपखल आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. एअरबस २००१ पर्यंत चार देशांतील कंपन्यांचा संघ होता आणि एकत्र आल्यावरही प्रत्येकाने आपापली अवजारे जपली. सर्वांनी एकच आवृत्ती वापरावी, असा आदेश देण्याचा अधिकार कोणी बजावला नाही, हे त्या अपयशाचे मूळ आहे. चहाबरोबर गप्पा मारून हा अधिकार मिळत नसतो.

रात्रपाळी
दोघांच्याही म्हणण्यात घड्याळ कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आमची जर्मनीसोबतची आणि अमेरिकेसोबतची बैठक एकमेकींवर आदळते. कॅलेंडर सगळे हिशेब आपोआप जुळवते, फक्त माझ्या मुलाची झोपेची वेळ जुळवत नाही. आणि लेखी कामाने हे सुटेल असे मला वाटत नाही. पूर्वी बैठक संपली की दिवस संपायचा. आता ग्राहक त्याच्या संध्याकाळी प्रश्न लिहून ठेवतो आणि दुसऱ्या सकाळी उठताच उत्तर मागतो. फ्रान्सने २०१७ पासून, पोर्तुगालने २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कायदे लागू केले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच विषयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. हा प्रश्न साधनाचा नसून पैसे कोण देतो याचा आहे.

नवशिकी
मला या नोकरीत दोनच वर्षे झाली आहेत, म्हणून थोडे भीतभीतच लिहिते. आमच्या बैठकीचा सारांश आता कृत्रिम बुद्धिमत्ता तयार करते. एकदा ग्राहकाने एक जादा बदल सुचवला आणि मी "हो, हो" म्हणाले. आपल्याकडे त्याचा अर्थ "ऐकते आहे" एवढाच असतो. सारांशात मात्र माझ्या नावापुढे ते काम आणि शुक्रवारची मुदत नोंदली गेली होती. लिहिलेले सर्वांनी प्रमाण मानायचे असेल, तर लिहिणारा कोण हे आधी ठरवा. दुसरे असे की, शेजारी बसलेली व्यक्ती चूक कशी शोधते हे पाहून मी जेवढे शिकले, तेवढे कोणत्याही दस्तऐवजातून शिकले नाही.

खगोलप्रेमी
रात्रपाळी यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे भाग पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभे राहत आहेत, मुख्यालय ब्रिटनमधील जोड्रेल बँक येथे आहे आणि दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीच्या आराखड्याच्या कामाचे नेतृत्व पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने केले. तिच्या सॉफ्टवेअरचे नियोजन विविध देशांतील गट तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत करतात. पुण्यात दुपारचे दोन वाजतात, तेव्हा पर्थमध्ये साडेचार, केप टाउनमध्ये साडेदहा आणि ब्रिटनमध्ये सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात. कोणाचीच रात्र जात नाही. भागीदार पूर्व-पश्चिमेला कुठे आहेत याने जेवढा फरक पडतो, तेवढा कोणत्याही ॲपने पडत नसावा.

यंत्रज्ञ
शिवाय लिनक्सचे प्रमुख देखभालकर्तेही दरवर्षी प्रत्यक्ष भेटतात, हे कोथरूडकर सोयीस्करपणे विसरले. २०१८ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी आपल्या ईमेलमधील तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागून काही काळ कामातून रजा घेतली होती. लेखनात आवाजाची पट्टी कळत नाही, त्याचाही हा एक परिणाम मानावा लागेल.

कोथरूडकर
वार्षिक भेटीचा मुद्दा मान्य. तिखट भाषेचे खापर मात्र मी लेखनावर फोडणार नाही. अशी भाषा मी समोरासमोर पुष्कळ ऐकली आहे. नवशिकी यांचा अनुभव मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण सारांश दुरुस्त करण्यासाठी एक दिवसाची मुदत ठेवण्याचे मला आजवर सुचले नव्हते. रात्रपाळी यांच्यासाठी मी असा मार्ग सुचवेन: एका आठवड्यात बैठक पुण्याच्या रात्री साडेनऊला घ्यावी आणि पुढच्या आठवड्यात पुण्याच्या सकाळी साडेसातला, म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या आदल्या संध्याकाळी सातला. गैरसोय निम्मी-निम्मी वाटली जाईल.

रात्रपाळी
तुमच्या ग्राहकाने हे मान्य केले आहे का?

कोथरूडकर
प्रस्ताव लिहून तयार आहे, पण पाठवलेला नाही. कराराचे नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. ते झाले की पाठवीन.