मदत हवी आहे: मसूर डाळीचं उटणं टोचतंय

हातापायांसाठी, चेहऱ्यासाठी नाही. त्वचा कोरडी, जखम-पुरळ काही नाही. प्रमाण: 4 चमचे मसूर डाळीचं पीठ, 1 चमचा तांदळाचं, पाव चमचा आंबेहळद, दुधात कालवून. डाळ मिक्सरवर दळून मैद्याच्या चाळणीने चाळली, तरी कण बोचतात आणि कातडी लाल होते. तांदूळ कमी केला, फारसा फरक नाही. वस्त्रगाळ केलं तर कोरडी मृत त्वचा निघतच नाही, नुसतं बेसन लावल्यासारखं. डाळ रात्रभर भिजवून वाटली की छान मऊ होते, पण ते वाटण टिकत नाही. मला महिनाभर पुरणारं कोरडं पीठच हवंय. लिंबू, साखर, खायचा सोडा कृपया सुचवू नका, आग होते.

चाळलेलं पीठ दुधात किती वेळ भिजत ठेवलं तर कणांची धार जाईल, पण पकड राहील? की दुधाऐवजी साय घ्यावी?