भावाबरोबर स्टुडिओ चालवतेय, शेवटचा शब्द कुणाचा?

रेघोट्या
लांबलचक आहे, आधीच सांगते. मी आणि माझा मोठा भाऊ, आमचा दोघांचा इलस्ट्रेशन स्टुडिओ आहे, सहा वर्षं झाली. चित्रं मी काढते. क्लायंट, कोटेशन, प्रिंटरच्या मागे लागणं, वसुली हे सगळं दादा बघतो. नफा निम्मा-निम्मा. हे पहिल्याच दिवशी बोलता बोलता ठरलं, कागदावर काहीही नाही, कारण "आपल्या आपल्यात कसला कागद".

तर झालं असं की मध्यंतरी एका मुलांच्या पुस्तकाचं कव्हर होतं. रात्र, पाऊस, आणि पिवळा रेनकोट घातलेली मुलगी. आकाश मी मुद्दाम मळकट हिरवट ठेवलं होतं म्हणजे सगळी नजर त्या रेनकोटवर जाते. फाइल दादाला दिली, त्याने फक्त ब्लीड (कापताना कडेला सोडलेला जास्तीचा भाग) आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) तपासून पाठवायची होती. छापील प्रत हातात आली तर आकाश निळं! क्लायंट फोनवर "जरा फ्रेश करता येईल का" म्हणाला आणि ह्याने आकाशाच्या लेयरचा (फाइलमध्ये आकाश वेगळ्या थरावर असतं) रंग सरकवला. मला विचारलंसुद्धा नाही. का विचारलं नाहीस म्हटलं तर म्हणे तू झोपली होतीस, डेडलाइन होती, आणि क्लायंट खूश आहे ना. क्लायंट खरंच खूश आहे, तेच जास्त लागलंय मला.

आता त्यात भर म्हणजे एका लेखिकेने थेट मला मेल केलाय, अख्खं पुस्तक चितारायचंय, नाव फक्त माझं हवंय, स्टुडिओचं नको. दादा म्हणतो काम स्टुडिओतूनच घ्यायचं. आई म्हणते मोठा आहे, ऐकून घे. मला भांडायचं नाहीये हो, पण रोज आतल्या आत धुसफूस चालू आहे. भावंडांबरोबर धंदा करणारे कुणी आहेत का इथे, तुम्ही काय करता?

चाकावरची माती
आहोत ना. मी आणि माझी ताई, सिरॅमिकचा स्टुडिओ, अकरा वर्षं. पहिली तीन वर्षं "सगळं दोघींनी मिळून ठरवायचं" असं होतं आणि त्यात नुसती वाट लागली. भांड्याच्या बुडाला जो शिक्का मारतात ना, त्यात कुणाचं अक्षर आधी ह्यावर आम्ही दोन महिने बोलत नव्हतो. शेवटी दोन्ही अक्षरं एकमेकांत अडकवली, ते आता विंचवासारखं दिसतं आणि लोक विचारतात विंचू का.

मग एक केलं. माती, आकार, ग्लेझ (भांड्यावरचा चकचकीत थर) माझं. भांडं भट्टीतून बाहेर आलं की पुढचं सगळं ताईचं, भाव, प्रदर्शन, दुकानदार. ती "हे विकलं जाणार नाही" असं तोंडावर म्हणू शकते, म्हणतेच, पण ग्लेझ बदलायला सांगू शकत नाही. आणि मी प्रदर्शनात उभी राहून कुणाला सवलत देऊ शकत नाही, माझी सख्खी मैत्रीण असली तरी. मला हे दुसरं जास्त जड गेलं, खरं सांगते.

तुमच्याकडे कामं वाटलेली आहेत पण शेवटचा शब्द वाटलेला नाहीये. रंग कुणाचा हे ठरलेलं असतं तर दादाने तुम्हाला झोपेतून उठवलं असतं.

दुसरी बाजू
मी तुमच्या दादाच्या जागी आहे. धाकटा भाऊ ॲनिमेशन करतो, मी बाकीचं. लेयरला हात लावला ते साफ चुकलं, त्यावर काही बोलतच नाही. पण एक सांगू का, क्लायंट काय काय बोलतो त्यातलं निम्मं आम्ही आत पोचूच देत नाही. "हे तर माझा पुतण्या पण करेल" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय आणि भावाला फक्त "थोडे बदल आहेत" एवढंच सांगितलंय. आणि मग त्याला वाटतं ह्याला माझ्या कामाची कदर नाही! तुमचा दादाही असंच काहीतरी गिळत असेल, एकदा विचारून बघा.

एक उपाय मात्र दोघांच्याही कामाचा आहे. त्याने क्लायंटला सांगायचं, "चित्राचं मी ठरवत नाही, विचारून उद्या सांगतो." मला आधी वाटायचं ह्याने आपण हलके दिसू. उलट झालं. फोनवर हो म्हणायचा अधिकारच नाही म्हटल्यावर समोरचा पण दबाव टाकायचं सोडतो, आणि रात्रीत त्याची अर्धी हौस फिटलेली असते. फुकटच्या रिव्हिजनचंही तसंच. कोटेशनमध्ये दोन राऊंड लिहिलेत तर तिसऱ्याचे पैसे आधी कळवायचे, मग काम. "करून देतो हो" हे तीन शब्द बोलायचे त्याने आणि रात्र जागायची तुम्ही, असं होत असेल तर ते त्याला तासांत मोजून दाखवा.

हिशेबनीस
निम्मा-निम्मा हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत आहेत तुमच्या. एक कामाचा मोबदला, दुसरी मालकी. आधी दोघांनी आपापल्या कामाचा ठरलेला पगार घ्यायचा, तो खर्चात धरायचा, आणि उरलेला नफा निम्मा. म्हणजे एखाद्या महिन्यात तुम्ही दुप्पट राबलात तर त्याचे पैसे मिळतात आणि मालकीचा विषय निघत नाही. नाहीतर प्रत्येक जास्तीचा तास थेट "तू काय करतोस मग" ह्यावर येतो. दोन महिने दोघांनी तास लिहा, दादानेही. फोनवरचे तासही लिहायचे, ते कायम विसरले जातात.

आणि कागद करा. भागीदारीत साधारणपणे एकाने धंद्यासाठी सही केली की दुसराही बांधला जातो, कर्जालासुद्धा. कागदात हे हवं: चित्रांचे हक्क कुणाचे, स्टुडिओचे की तुमचे आणि स्टुडिओला फक्त वापरायला दिलेले, स्टुडिओच्या आधीची चित्रं कुणाची, स्वतःच्या नावाने बाहेरची कामं चालतील का, वर्षाला किती, आणि एकजण बाहेर पडला तर नाव, क्लायंट, सोर्स फाइल कुणाकडे आणि त्याच्या हिश्शाची किंमत कशी काढायची. हा शेवटचा मुद्दा गोडीगुलाबी असतानाच लिहून घ्यायचा. नंतर कुणी लिहीत नाही, नंतर वकील लिहितात.

वाचनवेडा
भावाभावांचं फाटलं की काय होतं म्हणजे जर्मनीतले ॲडॉल्फ आणि रुडॉल्फ डासलर. एकत्र बुटांची कंपनी, १९४८ मध्ये फाटलं, त्यातून आदिदास आणि पुमा, आणि अख्खं गाव दोन तट पडून बसलं

चाकावरची माती
@वाचनवेडा भावंडं आणि धंदा म्हटलं की हे दोघे येणारच, मी वाटच बघत होते 😄

वाचनवेडा
बरं मग दुसरे घ्या. वॉल्ट आणि रॉय डिस्ने, १९२३ मध्ये दोघांनी मिळून सुरू केलं तेव्हा नावात "डिस्ने ब्रदर्स" होतं, तीन वर्षांत नुसतं वॉल्टचं राहिलं. पैशाचं सगळं रॉय बघायचा. वॉल्ट १९६६ मध्ये गेला तेव्हा रॉय निवृत्तीच्या वयाला होता, तरी निवृत्त न होता कामावर राहिला, फ्लोरिडाचा पार्क १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उघडला, त्याच्या नावात "वॉल्ट" घालायला लावलं आणि डिसेंबरमध्ये स्वतः गेला. म्हणजे नाव एकाचं असलं म्हणून दुसरा हलका ठरत नाही, हे दादाला सांगता येईल.

उलटंही आहे. अमेरिकेतले कोएन बंधू, जोएल आणि ईथन, सिनेमे दोघे मिळूनच करायचे पण २००४ पर्यंत दिग्दर्शक म्हणून फक्त जोएलचं नाव आणि निर्माता म्हणून ईथनचं. पाटी एक आणि काम दुसरं, आणि तरी चाललं, कारण दोघांना माहीत होतं आत काय आहे. तुमच्या घरात आत काय आहे हेच दोघांना वेगवेगळं वाटतंय.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. @दुसरी बाजू, तुमचं वाचून दादाला विचारलं क्लायंट काय काय बोलतो तुला. आधी ताकास तूर लागू देईना. मग फोन काढून मेसेज दाखवले. मी पाच मिनिटं काही बोललेच नाही. त्या रेनकोटच्या क्लायंटने "आकाश गटारासारखं दिसतंय" असं लिहिलं होतं, आणि दादाने ते मला कळू नये म्हणून रात्री गुपचूप रंग बदलला होता. राग गेला का? नाही. पण वेगळ्या जागी गेला. त्याला म्हटलं, गटार तर गटार, मला सांग, मी भांडेन नाहीतर बदलेन, पण मी.

ठरलंय ते एवढंच. रंगाला हात लावायचा नाही. त्याच्याकडे यापुढे लेयर नसलेली पीडीएफ जाणार (हे मीच केलं, त्याला जरा टोचलं). लेखिकेचं पुस्तक माझ्या नावाने घेतेय, त्या काळात स्टुडिओचा पगार अर्धा. तास लिहायला दोघांनी सुरुवात केलीये, पहिल्या आठवड्यात त्याचे माझ्यापेक्षा चार जास्त भरले, त्याने ते फ्रिजवर लावलेत.

@हिशेबनीस, एक राहिलं. कॉलेजात असताना काढलेली चित्रं आम्ही स्टुडिओच्या पहिल्या कॅलेंडरात वापरली होती, ती कशात धरायची?

हिशेबनीस
तुमचीच, स्टुडिओला फक्त वापरायला दिलेली. पण तसं लिहा, प्रत्येक चित्राचं नाव आणि काढल्याचं वर्ष घालून वेगळं पान जोडा, आणि दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर. दादा हसेल, हसू दे.