मदत हवी आहे: घुंगरमाळेची पितळी घुंगरं लिंबूसत्त्वात टाकली, ती गुलाबी पडली

नांगरफाळ (मखमलाबाद, नाशिक)

पोळ्याआधी सहा घुंगरमाळा साफ करायच्या आहेत. एकूण 400 च्या आसपास घुंगरं. एकेक 28 ते 30 मिमीचं, आत लोखंडी गोळी, तोंडाला चार फाका, फटीची रुंदी साधारण 2.5 मिमी. घाम, तेल आणि गोठ्यातली दमट हवा यांनी काळीकुट्ट झाली आहेत. चामड्याच्या पट्ट्यांवरून उतरवून झाली.

केलं ते असं: प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर गरम पाणी, 150 ग्रॅम लिंबूसत्त्व, मूठभर मीठ. साठ-सत्तर घुंगरं एकत्र ओवून अर्धा-पाऊण तास बुडवली. पहिला घाणा बरा निघाला. त्याच पाण्यात दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या घाण्याची घुंगरं पितळाची वाटतच नाहीत, तांब्यासारखी गुलाबी दिसतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही परत पिवळी होतील का? हाताने 400 घासणं होणार नाही, तर घरी फिरता ड्रम करता येईल का, आणि त्यात भरायचं काय? आणि दहा-बारा घुंगरांना फटीच्या टोकापासून बारीक भेगा गेल्या आहेत. त्या धुण्याआधीपासूनच होत्या. त्या कशाने पडल्या असतील?

सातपूर_लेथ

आधी दोन गोष्टी सांगा. ओवली कशात होती? आणि गुलाबीपणा सगळीकडे सारखा आहे की कुठे कमी-जास्त?

नांगरफाळ

बांधकामाच्या बाइंडिंग तारेत. वरच्या कडीपाशी आणि फटीच्या कडांना जास्त गुलाबी, पोटाला कमी. पाणी आता निळसर-हिरवं दिसतंय.

सातपूर_लेथ

मग चोर सापडला. बाइंडिंग तार म्हणजे साधं लोखंड. पहिल्या दोन घाण्यांत पितळावरचा काळा थर आम्लात विरघळला, म्हणजे तांबं पाण्यात उतरलं. निळसर-हिरवा रंग त्याचाच. अशा पाण्यात पितळाला लोखंड टेकलं की तिथे छोटी बॅटरी तयार होते. लोखंड विरघळत जातं आणि पाण्यातलं तांबं पितळाच्या अंगावर बसतं. तार कडीला टेकली होती आणि गोळी आतून फटीजवळ टेकत होती, म्हणून रंग नेमका त्या दोन जागी जास्त. सोनारकामात आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू देत नाहीत, तो याच कारणाने.

थर फार पातळ असतो, घाबरू नका. पुढच्या वेळी नायलॉनची दोरी किंवा तांब्याची तार वापरा. ढवळायला लाकडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी घ्या, लोखंडी झारा नको.

तांबटआळी

वरचं निदान पटतं, पण एक खात्री करून घ्या. गुलाबी रंगाचं दुसरंही कारण असतं. आम्ल कडक असेल आणि वेळ जास्त झाली तर पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा सच्छिद्र थर उरतो. 5 लिटरला 150 ग्रॅम म्हणजे लिटरला 30 ग्रॅम, वर मीठ, वर पाऊण तास. हे जरा जास्तच झालं.

ओळखायची रीत सोपी आहे. एका घुंगराच्या पोटावर पितांबरी घेऊन ओल्या फडक्याने दहा-पंधरा वेळा घासा. खालून पिवळं दिसलं तर वर नुसतं तांबं बसलेलं आहे. घासूनही गुलाबी आणि खरखरीतच राहिलं तर जस्त गेलेलं आहे. त्याला रसायनाने उपाय नाही, बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) घालून थर उतरवावा लागतो.

नवं पाणी असं करा: लिटरला 10 ग्रॅम लिंबूसत्त्व, कोमट पाणी, वेळ 3 ते 4 मिनिटं. मीठ अजिबात नको. मिठातलं क्लोराइड फटीत अडकतं, आणि आठवड्याभरात तिथेच हिरवे ठिपके उमटतात. पाण्याला रंग चढायला लागला की ते ओतून नवं घ्या, त्यात काटकसर नको. आत लोखंडी गोळी असल्यामुळे ही घुंगरं आम्लात ठेवणं मुळातच जोखमीचं आहे. जी फारच काळी असतील तेवढीच बुडवा, बाकीची सरळ ड्रममध्ये.

आम्लाआधी तेल काढायला विसरू नका. लिटरला 20 ते 30 ग्रॅम धुण्याचा सोडा, हाताला सोसवेल त्याहून जरा गरम पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे चार थेंब, पंधरा मिनिटं. तेल राहिलं तर आम्ल डागाडागाने चढतं आणि घुंगरू बिबट्यासारखं दिसतं. आम्लातून काढल्यावर लिटरला 5 ग्रॅम खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून हलवा, म्हणजे आत राहिलेलं आम्ल मरेल. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

कुतूहल_नाशिक

औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने गुलाबी रंग उतरतो असं वाचलं होतं. खरं आहे का?

तांबटआळी

उतरतो. 6 टक्क्यांचं पेरॉक्साइड एक भाग आणि ताजं 2 टक्के लिंबूसत्त्वाचं पाणी एक भाग. भांडं उघडं ठेवायचं, झाकण लावलं की आत वायू साठतो. पण या घुंगरांना बुडवू नका. आतली गोळी गंजेल, आणि लोखंड-तांब्याच्या संगतीने पेरॉक्साइड फसफसून वाया जाईल. हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने बाहेरून लावा, नजरेसमोर पिवळं दिसलं की लगेच धुवा. खरं तर ड्रम होणारच असेल तर याची गरजच नाही.

डीबरिंगवाला

ड्रमचं सांगतो. 200 मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, लांबी 300 मिमी, एका टोकाला पक्कं झाकण आणि दुसऱ्याला आट्याचं. आतून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन-चार आडव्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर माल उचलला न जाता तळाशी नुसता घसरत राहतो. ड्रम दोन रोलरवर झोपवायचा.

फिरण्याचा वेग महत्त्वाचा. ज्या वेगाला माल भिंतीला चिकटून पूर्ण गोल फिरतो तो वेग म्हणजे 42.3 भागिले व्यासाचं वर्गमूळ, व्यास मीटरमध्ये. 0.2 मीटरला तो मिनिटाला सुमारे 95 फेरे येतो. पॉलिशला त्याच्या निम्म्याच्या आसपास पाहिजे, म्हणजे 45 ते 50. त्याहून जोरात फिरवलं तर माल वरून आपटतो आणि घुंगराला पोचे पडतात. 1440 ची मोटर, 7.5 ला 1 चा गिअरबॉक्स, 50 मिमीचा रोलर असं धरलं तर रोलर 192 फेरे फिरतो आणि ड्रम 48. मोटर थेट रोलरला जोडाल तर ड्रम 360 ने पळेल. मग पॉलिश होणार नाही, आवाज तेवढा होईल.

भराई: निम्मा ड्रम, जास्तीत जास्त साठ टक्के. सुमारे 3 लिटर अक्रोडाच्या कवचाचा भरडा आणि 45-50 घुंगरं. 400 घुंगरांना आठ-नऊ घाणे लागतील.

अक्रोडाचा भरडा काळं ओरबाडून काढतो, मक्याचा चमक आणतो. आधी अक्रोडात अडीच-तीन तास, मग मक्यात एक तास. धातूचं पातळ पॉलिश टाकायचं तर मक्याच्या भरड्यात दोन चमचे टाकून आधी दहा मिनिटं रिकामंच फिरवा आणि मग घुंगरं घाला. नाहीतर पॉलिशच्या गोळ्या होतात आणि त्या फटीत जाऊन बसतात. पॉलिश अमोनियाच्या वासाचं नको, कारण पुढे कुणीतरी सांगेलच.

मक्याचा भरडा विकत आणायची गरज नाही. येवला-लासलगावकडे दाणे काढलेली कणसं ढिगाने पडलेली असतात. कडक वाळवून चक्कीवर जाड भरडून घ्या, पिठाच्या चाळणीने भुकटी काढून टाका, चाळणीवर उरेल तो जाड रव्याएवढा भाग वापरा. बुरशी आलेली कणसं घेऊ नका. चाळताना आणि ड्रम उघडताना मास्क हवाच. पितळात थोडं शिसं असू शकतं, ते या धुळीत उतरतं. ड्रममध्ये टिश्यू पेपरचे दोन-तीन तुकडे टाकले की बरीच धूळ त्यांना चिकटते.

ड्रमचा खटाटोप नको असेल तर अंबड-सातपूरला व्हायब्रो मशीनवर (थरथरवून घासणारं यंत्र) जॉबवर्क करणारे आहेत. घुंगरू सोबत नेऊन दाखवा आणि माध्यम, म्हणजे घासायला सोबत घालतात ते, कोणतं ते आधी विचारा. सिरॅमिकचे त्रिकोणी दगड घातले तर घुंगराची नक्षी गुळगुळीत होऊन येईल.

पुंगळी_मास्तर

परदेशात नेमबाज काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी अशाच साफ करतात. पण तिकडे आता ओल्या ड्रमची चलती आहे: स्टेनलेसच्या 1 मिमी जाड, 5-6 मिमी लांब पिना, पाणी, अर्धा चमचा भांड्यांचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व. दोन तासांत आतबाहेर आरसा. वेळही वाचतो, धूळही उडत नाही. तेच का नाही करायचं?

डीबरिंगवाला

पुंगळी एका टोकाला मोकळी असते, उलटी केली की पीन पडते. घुंगराची फट 2.5 मिमी. पीन आत सहज जाते, आडवी होते, दुसरी पीन तिच्यावर पाचर मारते, की दोघी कायमच्या घरच्या. साधा नियम: माध्यमाचा कण फटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान असावा, नाहीतर फटीहून चांगला मोठा. मधला कण अडकणार. भरड्याचा कण पाऊण मिमीच्या आत ठेवा. ओलंच करायचं असेल तर स्टेनलेसचे 5 मिमीचे छर्रे घ्या. पण जिथे चारही फाका मिळतात तिथे फट रुंद असते, तिथे आधी 5 मिमीच्या ड्रिलचा दांडा घालून बघा. दांडा आत गेला तर छर्राही जाणार.

शिवाय ओल्या ड्रममध्ये गोळी गंजते ती गंजतेच. गंजली की आवाज बसतो आणि फटीतून तांबडं पाणी झिरपतं. माझं मत कोरडंच.

पुंगळी_मास्तर

गोळीचा मुद्दा मान्य. एक सांगून ठेवतो, भंगारातून पुंगळ्या आणून घुंगराच्या पितळासाठी वितळवायचा विचार कुणी करू नये. एखादीत टोपी (बुडातली ठिणगी पाडणारी स्फोटक टिकली) जिवंत राहिलेली असली तर मुशीतच फुटते. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे, तेव्हा पद्धत फक्त साफसफाईपुरतीच घ्या.

धातू_आणि_दूध

भेगांचं मी सांगतो. भेग गेलेली घुंगरं हलकी आहेत का? आणि कमरेला सांधा दिसतो का?

नांगरफाळ

हो. भेग गेलेली सगळी हलकी आहेत, मध्ये गोल सांधा आहे. जड ओतीव घुंगरांपैकी एकालाही भेग नाही.

धातू_आणि_दूध

तर मग कारण गोठाच. हलकी घुंगरं पितळी पत्रा दाबून दोन वाट्या करून जोडलेली असतात. पत्रा थंडच दाबला की त्यात ताण राहून जातो. त्याला अमोनिया आणि ओल मिळाली की पितळ कणाकणांच्या सीमांवरून चिरत जातं. गोमूत्रातून अमोनिया सुटतो, माळा गोठ्यातल्याच खुंटीला असतात, आणि भेग फटीच्या टोकापासून सुरू होते, कारण ताण तिथेच सगळ्यात जास्त. ओतीव घुंगरात असा ताण जवळपास नसतो, म्हणून ती वाचली.

हा रोग मुळात काडतुसांमुळेच ओळखला गेला. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली असत, आणि न वापरताच चिरत. पावसाळी हवेत होतं म्हणून त्याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळातला ताण हे दोन्ही मिळून हे घडतं, हे 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं.

उपाय म्हणजे पितळ 250 ते 300 अंशांना तासभर तापवून ताण काढणं. पण इथे फसगत आहे. सांधा कथलाचा असेल तर तो त्याच्या आधीच, 183 ते 230 अंशांच्या दरम्यान वितळतो आणि घुंगराच्या दोन वाट्या हातात येतात. सांधा पितळी डाकाचा असेल तरच तापवा. कथील पांढरट आणि मऊ असतं, पिनेने ओरखडा ओढला की कळतं. भेग गेलेलं घुंगरू छणछणत नाही, खट् वाजतं. ते वेगळं काढा. आणि माळा यापुढे गोठ्यात टांगू नका.

नांगरफाळ

घासून बघितलं, खालून पिवळंच निघालं. नव्या पाण्यात नायलॉनच्या दोरीत पाच घुंगरं चार मिनिटं ठेवली, एकही गुलाबी झालं नाही. ओतीव 310 आणि पत्र्याची 80 निघाली, पत्र्याच्यांचा सांधा कथलाचा आहे. आता दोन शंका. या हवेत ऊन नाही, आतून वाळवायची कशी? आणि ते हिरवं पाणी कुठे ओतू?

तांबटआळी

वाळवण: उकळतं नव्हे पण चांगलं गरम पाणी, 70 अंशांच्या आसपास, त्यात दोन मिनिटं. काढून तोंड खाली करून झटका. घुंगरू गरम असलं की आतलं पाणी स्वतःच उडतं. मग पत्र्याच्या डब्यात 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून तीन-चार तास. एलईडीने डबा गरम होत नाही, उगाच वाट बघत बसाल. कोरडी झाली की लगेच ड्रममध्ये, आणि ड्रममधून काढल्यावर उघड्या हाताने धरू नका, बोटांचे ठसे दोन दिवसांत काळे पडतात. शेवटी फडक्यावर मेण घेऊन पुसटसा हात. लाखेचं वार्निश नको, आवाज मारतं.

सातपूर_लेथ

हिरवं पाणी शेतात, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका. तांबं माशांना मारतं, आणि मेंढ्यांना तर ते फारच थोडं सोसतं. बादलीत तुमच्याच बाइंडिंग तारेचा एक गुंडा टाकून दोन दिवस ठेवा. तांबं तारेवर बसेल, पाण्याचा निळेपणा जाईल. त्यात जस्त तरीही उरतंच, म्हणून ते पसरट प्लास्टिकच्या घमेल्यात आटवा आणि तळाचा गाळ पिशवीत बांधून ठेवा. तार लाल झालेली दिसेल, ती भंगारात.

नांगरफाळ

तार टाकली बादलीत. तासाभरातच लालसर दिसायला लागली.