वाईल कॉपचं जुनं पोस्टकार्ड : साल कसं ठरवायचं?

वाईल कॉपची भाडेकरू (श्रूजबरी)

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, तीन वर्षं झाली श्रूजबरीत नर्स आहे. पुणेकरांना हे नाव बिस्किटांमुळे तोंडपाठ आहे. तेच हे गाव, श्रॉपशायर परगण्याचं मुख्य ठिकाण. इथे वाईल कॉप नावाचा वळणावळणाचा चढ आहे. त्या चढावरच्या एका दुकानाच्या वर, पोटमाळ्यावर मी राहते.

गेल्या रविवारी जुन्या बाजारात चार पौंडांना एक पोस्टकार्ड मिळालं. लायन हॉटेलच्या दर्शनी भागावरचा सिंह दिसला, म्हणून रस्ता लगेच ओळखला. घरी येऊन भिंग लावलं आणि अंगावर काटाच आला. तिरक्या छपराखाली माझी खिडकी! काळ्या लाकडाची तीच चौकट, डावीकडे किंचित कललेली. आजही ती तशीच कललेली आहे, पाऊस तिथूनच आत येतो.

खाली दुकानाच्या दारात पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी उभी आहे, चौदा-पंधराची असेल. रस्त्यावरची माणसं हलल्यामुळे पुसट आली आहेत, ही मात्र अगदी स्तब्ध. एप्रनचा बंदसुद्धा दिसतो. पाटीची शेवटची चारच अक्षरं वाचता येतात, बाकी उन्हाच्या कापडी पडद्याआड गेलीत. शेजारच्या खाटकाने सोललेली जनावरं बाहेरच टांगली आहेत. त्याच्या पलीकडे बुटाच्या आकाराची भलीमोठी खूण लटकतेय. मोटार एकही नाही, एक घोडागाडी तेवढी आहे.

कार्डाच्या पाठीवर मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट, त्यावर दाढीवाला राजा. शिक्का वाचता येत नाही. हे कधीचं असेल? आणि ती मुलगी कोण, हे शोधता येईल का?

तिकीटवाले काका (पुणे)

ताई, कार्ड आधी पाठीकडून वाचायचं. ब्रिटनमध्ये खासगी चित्रकार्डं पोस्टाने पाठवायला १८९४ मध्ये परवानगी मिळाली, पण तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहायचा. मजकूर चित्राच्या बाजूलाच कुठेतरी कोंबावा लागे. मधली रेघ आली १९०२ मध्ये. म्हणजे तुमचं कार्ड त्याआधीचं नाही.

दाढीवाला राजा बहुधा सातवा एडवर्ड. त्याची तिकिटं १ जानेवारी १९०२ पासून निघाली. दाढी पाचव्या जॉर्जलाही होती, त्याचं अर्ध्या पेनीचं तिकीट १९११ चं, तेव्हा चेहरा नीट पाहून घ्या. आता रंग. एडवर्डचं अर्ध्या पेनीचं तिकीट सुरुवातीला निळसर हिरवं होतं, नोव्हेंबर १९०४ पासून पिवळसर हिरवं झालं. दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. मात्र तिकीट उन्हात राहिलं असेल तर रंग उतरतो, त्यामुळे एवढ्या एकाच पुराव्यावर विसंबू नका.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. एवढं करून कळतं ते कार्डाचं साल, चित्राचं नव्हे. छापणारे फोटोची तीच काच (निगेटिव्ह) वर्षानुवर्षं वापरत. फ्रान्सिस फ्रिथच्या कंपनीने इंग्लंडमधली गावंच्या गावं टिपली. त्यांच्या चित्रांवर क्रमांक असतो आणि त्यावरून साल काढता येतं. तुमच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात बारीक आकडे आहेत का?

लेस्टरवासी

काकांनी पाठ वाचली, मी दुकानाकडे वळतो. त्या काळी प्रत्येक परगण्याच्या व्यापारी डिरेक्टऱ्या निघायच्या. केलीची सगळ्यांत प्रसिद्ध. व्यापाऱ्यांची नावं आडनावानुसार, पुढे धंदा आणि पत्ता. आमच्या लेस्टर विद्यापीठाने अशा शेकडो डिरेक्टऱ्या इंटरनेटवर फुकट ठेवल्यात. तुमच्याकडे आडनावाचं शेपूट आहे, पत्ता आहे, खाटीक आणि चांभार शेजारी आहेत. ज्या आवृत्तीत हे तिघे एकत्र सापडतील, चित्र त्याच्या आसपासचं. एकट्या दुकानावरून साल काढू नका, काही दुकानं चाळीस-चाळीस वर्षं एकाच नावाने चालायची.

मोटार नाही एवढ्यावरूनही काही ठरत नाही. असती तर नंबरपाटी बघितली असती, कारण नंबर १ जानेवारी १९०४ पासून सक्तीचे झाले. श्रॉपशायरची अक्षरं एडब्ल्यू.

मुलीसाठी जनगणना. १९०१ आणि १९११ चे कागद घर-घर बघता येतात.

बेडफर्डचा सदस्य

माहिती वर आलीच आहे, मी फक्त एक विनंती करतो. ताई, कार्ड लॅमिनेट करू नका. माझ्या आजोबांचे बेडफर्डच्या हाय स्ट्रीटवरचे दोन फोटो मी हौसेने एका दुकानात लॅमिनेट करायला दिले. उष्णतेने त्यांचा वरचा थर फुगला आणि आजोबांचा चेहरा कायमचा गेला. आधी स्कॅन करा, मग आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा.

वाईल कॉपची भाडेकरू (श्रूजबरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड पाकिटात गेलं. राजा एडवर्डच आहे आणि तिकीट पिवळसर हिरवं. कोपऱ्यात आकडे नाहीत.

काल रात्रपाळी संपवून तशीच कॅसल गेट्सवरच्या श्रॉपशायर आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे परगण्याच्या जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात, गेले. डिरेक्टरीत आडनाव सापडलं. चहा आणि किराणा मालाचं दुकान होतं. मग ३१ मार्च १९०१ च्या रात्रीची जनगणना उघडली. माझ्या पत्त्यावर दुकानदार, त्याची बायको, तीन लहान मुलं आणि शेवटच्या ओळीत घरकामाची मुलगी. वय १४, जन्म सीमेपलीकडे वेल्समधल्या माँटगोमेरीशायरचा. घरकामाच्या मुली बहुतेक पोटमाळ्यावर झोपायच्या, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. म्हणजे माझ्याच खोलीत. १९११ मध्ये तिथे दुसरंच कुटुंब आहे.

पण मेळ बसत नाही. कार्ड १९०४ च्या शेवटानंतरचं असेल तर ती सतरा-अठराची हवी, आणि चित्रातली तेवढी मोठी वाटत नाही. की काका म्हणतात तसं चित्र कार्डाच्या आधीचं? खाटीक आणि चांभार दोघंही एकत्र कोणत्या वर्षांत होते, ते अजून बघायचंय. मंगळवारी सुट्टी आहे, पुन्हा जातेय.