मदत हवी आहे: हजार यार्डांचं टार्गेट आणि एल्कची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार, दोन्हीला रायफलवर एकच स्कोप (दुर्बीण) चालेल का?

मंडळी, नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, मी कोलोरॅडोत राहतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथे एल्क आणि हरणांची शिकार सरकारी परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. शिकार करावी की करू नये यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन शिव्या खाईन. इथे फक्त काचेबद्दल, म्हणजे स्कोपबद्दल बोलू.

रायफल टिक्का टी३एक्स लाइट, काडतूस ६.५ क्रीडमोर. तिच्यावर सध्या मित्राकडून घेतलेला जुना ३-९x४० स्कोप आहे (३ ते ९ पट झूम, पुढचं भिंग ४० मिलिमीटर). शंभर-दोनशे यार्डांवर त्याची काही तक्रार नाही. पण मधूनमधून न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजीच्या रेंजला जाणं होतं. तिथे ११२३ यार्डांवर पांढरा रंग दिलेला लोखंडी बायसन उभा आहे. त्याच्यावर गोळी लागली की 'टण्ण' आवाज यायला इतका वेळ जातो की माणूस चुकलो म्हणून मान खाली घालतो आणि मग आवाज येतो. हे एकदा ऐकलं की व्यसन लागतं.

अडचण अशी. १०० यार्डांवर झिरो केलेली (तिथे नेम आणि गोळी जुळवलेली) ही रायफल हजार यार्डांवर तिथल्या विरळ हवेतसुद्धा सुमारे ८ मिल (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) खाली मारते, म्हणजे २४ फुटांच्या आसपास. माझ्या स्कोपच्या टरेटला (नेम सरकवायच्या बटणाला) टोपी आहे, आकडे धड दिसत नाहीत आणि रेटिकल (आत दिसणारी नेमाची खूण) म्हणजे नुसती फुली. फुली टार्गेटच्या २४ फूट वर आभाळात धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं. अंदाजपंचे दाहोदरसे!

आता दुसरी बाजू. ऑक्टोबरात नऊ-दहा हजार फुटांवर चढायचं असतं, पाठीवर सामान. नेम धरायला कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुभा, आणि एल्क नेमका त्या कडेच्या अंधुक वेळेत झाडीतून बाहेर येतो. शिकारीत मी ३०० यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. रेंजवर हजार यार्ड मारतो म्हणून जिवंत जनावरावर मारायचं नसतं. लोखंड जखमी होऊन दरीत पळत नाही.

बजेट १००० ते १२०० डॉलर. मनात दोन आहेत. एक व्होर्टेक्स व्हायपर पीएसटी जेन २, ३-१५x४४, फर्स्ट फोकल प्लेन, पण वजन २८ औंस. दुसरा ल्युपोल्ड व्हीएक्स-५एचडी, तोही ३-१५x४४, सेकंड फोकल प्लेन, वजन २० औंसांच्या आत. दुकानात दोन्हींतून बघितलं, पण भर दुपारी पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबरप्लेट सगळ्याच स्कोपमधून छान दिसतात.

५-२५x५६चा मोह होतोय, पण अडीच पौंडांचा लोढणा त्या हलक्या रायफलवर घालायला हात होत नाही. दोन स्कोप घ्या असं कृपया सांगू नका, घरात एकाचीच मंजुरी मिळाली आहे.

रानवाट:
दादा, तुम्ही हजार यार्ड वर्षातून किती वेळा मारणार आणि डोंगर किती तास चढणार, एवढं स्वतःला विचारा. मी माँटानात असतो, म्हणून शिकारीच्या बाजूने बोलतो.

फर्स्ट फोकलमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होतं. ३ वर ठेवलं की बारीक खुणांचं कोळ्याचं जाळं होतं आणि काळ्या झाडीपुढे ते दिसतच नाही. शिकारीतली गडबड जवळच्या जनावरावर होते, चारशे यार्डांवर निवांत वेळ असतो. सेकंड फोकलचं रेटिकल ३ वरही तेवढंच ठसठशीत राहतं.

आणि अंधारात झूमच्या मागे लागू नका. ४४ला झूमने भागा. १५ वर डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम ३ मिलिमीटरचा, ६ वर ७ मिलिमीटरच्या वर. तिन्हीसांजेला डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते. म्हणजे स्कोप तोच, नुसतं झूम खाली आणलं की उजेड वाढतो. दुकानदाराला विनंती करून दिवेलागणीला दुकानाबाहेर उभं राहून बघा.

गोफण:
रानवाटशी अर्धाच सहमत. सेकंड फोकलमध्ये खुणांची मापं बहुतेक वेळा एकाच झूमवर खरी असतात, साधारणपणे सर्वांत मोठ्या. १५ वर १ मिल असलेली खूण ७.५ वर २ मिलची होते. दुपारी उन्हाने हवा लवलवायला लागली की झूम कमी करावंच लागतं, आणि तिथे वाऱ्याचा हिशोब फसतो. ५०० यार्डांवर ताशी १० मैलांचा आडवा वारा या गोळीला फूटभराहून जास्त सरकवतो, त्यामुळे खुणा खऱ्या हव्यातच. एल्कसाठी रेटिकलला दिवा असलेला फर्स्ट फोकल घ्या, ३ वर मधला ठिपका उठून दिसतो.

त्याहून महत्त्वाचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही: झिरो स्टॉप. चढताना टरेट पिशवीला, फांदीला घासून फिरतो. पूर्ण एक फेरी फिरला तर आकडा परत शून्यच दिसतो आणि गोळी जनावराच्या डोक्यावरून जाते. झिरो स्टॉप असला की अंधारातही उलटा फिरवून अडेल तिथे थांबायचं. आडव्या (वाऱ्यासाठीच्या) टरेटला मात्र टोपी असलेलीच बरी.

मिल की एमओए (दोन्ही कोन मोजायची मापं) यात रक्त आटवू नका. आपण मेट्रिकमध्ये वाढलेली माणसं, १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, संपलं. फक्त रेटिकल आणि टरेट एकाच मापाचे घ्या. आणि स्कोपखाली २० एमओएची रेल (पुढे किंचित उतरती पट्टी) लावा, वरच्या दिशेला जवळजवळ ६ मिल जादा मिळतात.

पीपसाइट_पुणे:
मी बालेवाडीला .२२ रायफल मारतो, आमच्या साइटला भिंगच नसतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं तेही पीप साइटवरच (बारीक छिद्रातून नेम धरून). तेव्हा एल्कबद्दल मी काय बोलणार! पण एक सांगतो, गाल दर वेळी रायफलच्या दांड्यावर त्याच जागी टेकायला हवा. तुमच्या स्कोपवर पॅरॅलॅक्सची (डोकं हललं की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष घालवायची) चकती असेल तर डोकं किंचित हलवून बघा, रेटिकल टार्गेटवर सरकायचं थांबेपर्यंत ती फिरवा. चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

रानवाट:
जाता जाता, इतर वाचणाऱ्यांसाठी: एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर अमेरिकेत बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. आधी वकिलाला विचारा, मग स्कोप बघा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी रानवाट यांच्या सांगण्याप्रमाणे दुकानाबाहेर उभा राहिलो. समोरच्या टेकडीवरच्या पायनच्या झाडीवर दोन्ही धरले. व्हायपरचं रेटिकल ३ वर खरंच विरघळतं, पण दिवा दोन नंबरवर ठेवला की ठिपका उभा राहतो. ल्युपोल्ड अंधारात जरा उजवा वाटला आणि हातात तर फारच हलका. तरी वाऱ्याच्या खुणांपायी व्हायपरकडे झुकलोय. ते आठ-नऊ औंस मी माझ्या पोटावरून कमी करीन, असं घरी सांगितलंय.

आता शेवटची शंका: ३० मिलिमीटरच्या नळीला रिंगा (स्कोप रायफलवर धरणाऱ्या कड्या) किती उंचीच्या घेऊ? २० एमओएची रेल लावल्यावर स्कोप वर उचलला जाणार आणि टिक्काचा दांडा गालाला आधीच खाली पडतो. लो रिंगा लावल्या तर बोल्टची मूठ मागच्या भिंगाला घासेल का? कोणाकडे हीच रायफल आणि ४४चा स्कोप असेल तर बाजूने काढलेला फोटो टाकाल का?