पैठणीचा रॅम्प शो: एलईडी दिव्यांत पट्टे येतात, जरीची नक्षी उडते

सावलीउन्हात:
रविवारी बँक्वेट हॉलमध्ये पैठणी शो आहे. रॅम्प १२ मीटरचा, ट्रसवर (दिवे टांगायच्या चौकटीवर) एलईडी पार (डब्यासारखे झोतदिवे), टोकावर दोन फॉलो स्पॉट (मॉडेलच्या मागे फिरणारे झोत), मागे एलईडी वॉल. कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, लेन्स ७०-२०० एफ २.८. फ्लॅशला परवानगी नाही. याच हॉलमधल्या चाचणी फोटोंत सायलेंट शटरवर १/५०० ला उभ्या फ्रेममध्ये उभे पट्टे आले, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (शटर कॅमेऱ्यावर सोडून) चेहरे पांढरेफटक झाले आणि जरीची नक्षी पार उडाली. शटर १/१०० केला तर पट्टे जातील का?

तिपाई:
जातील, पण पावलं आणि पदर हलतील. चालत्या मॉडेलला १/४०० च्या खाली जाऊ नका.

आधी सायलेंट शटर बंद करा. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, तो सेन्सर ओळीओळीने वाचतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याला १/३० ते १/१५ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात दिवा कितीतरी वेळा मिचकावतो. प्रत्येक मिचकावणी म्हणजे एक पट्टा. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२५० सेकंदात सरकतो, म्हणून पट्टे खूप कमी होतात.

तरी राहिलेच तर कॅमेऱ्यातल्या अँटी-फ्लिकरवर (मिचकावणं ओळखून शटर सोडणारं फंक्शन) विसंबू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रत्येक आवर्तनात दोनदा, मिचकावणं सेकंदाला १०० वेळा. ते फंक्शन तेवढंच ओळखतं. एलईडी डिम करताना मात्र दिवा स्वतःच्या, बऱ्याचदा याहून खूप जास्त वेगाने उघडझाप करतो. कॅमेऱ्यात व्हेरिएबल शटर (वेग बारीक टप्प्यांत बदलण्याची सोय) असेल तर १/५०० च्या आसपास बारीक टप्प्यांनी फिरवत स्क्रीनवर पट्टे विरेपर्यंत जा. दिवे फुल असताना आणि अर्ध्यावर असताना, दोन्ही वेळा तपासा. एलईडी वॉलचा वेग वेगळा असतो. तिच्यातले पट्टे राहिले तरी चालतील, साडीवरचे नकोत.

काठपदर:
पांढऱ्या चेहऱ्यांचं कारण काळा हॉल. कॅमेरा अंधाराची सरासरी काढून एक्स्पोजर वाढवतो. मॅन्युअलवरच राहा. रिहर्सलला कुणालातरी ग्रे कार्ड (प्रकाश मोजायचा राखाडी पुठ्ठा) देऊन रॅम्पवर दर ४ मीटरला उभं करा आणि रीडिंग लिहून ठेवा. दोन स्पॉट एकमेकांवर पडतात तिथे प्रकाश सहज एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त निघतो. सुरुवात १/५००, एफ ३.२, आयएसओ ३२०० वरून करा.

जरीची तार धातूसारखी चमकते, त्यामुळे चेहऱ्याला बरोबर असलेलं एक्स्पोजर तिला जास्त होतं. दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, चेहरा नंतर संगणकावर उजळा. राणी आणि लाल रंगाला साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो; लाल चॅनेल वेगळा बघा, आधी त्यातलाच तपशील उडतो.

व्हाइट बॅलन्स ऑटो नको, केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा) पक्कं करा. पांढरे एलईडी ५६०० च्या आसपास असतील आणि फॉलो स्पॉट हॅलोजनचा असेल तर तो ३२००. दोन्ही एकत्र पडले की चेहरा पिवळा, काठ निळसर, आणि एका स्लायडरने ते सुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: लाईट ऑपरेटरशी आधी बोला. पैठणीची धूपछांव ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग वेगळा आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) वेगळा असल्यामुळे दिसते. नुसत्या निळ्या प्रकाशात लाल रेशीम काळंच दिसतं, आणि जो रंग सेन्सरपर्यंत आलाच नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. टोकाच्या शेवटच्या ३ मीटरवर समोरून पांढरा प्रकाश मागून घ्या. रंगीत वॉश (पसरलेला रंगीत प्रकाश) मागच्या भागात खुशाल राहू दे.

सावलीउन्हात:
धन्यवाद. उभं कुठे राहू? आणि परत जाणारी मॉडेल मध्ये आली की फोकस तिच्यावर उडी मारतो, त्याचं काय?

तिपाई:
रॅम्पच्या टोकासमोर, खाली ४.५ मीटरवर, रॅम्पच्या मध्यरेषेत. उभ्या फ्रेममध्ये पायाखाली-डोक्यावर थोडी जागा सोडून पूर्ण मॉडेल ७० मिमीला सव्वाचार मीटरवर मावते, २०० मिमीला १२ मीटरवर. म्हणजे ती टोकाच्या साडेसात मीटर आधी असल्यापासून पूर्ण उंचीने फ्रेम भरते. तिथून झूम मागे घेत या. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीला हवा. रॅम्प दोन फुटांहून उंच असेल तर स्टुलावर चढा, नाहीतर खालून बघितल्यासारखे पाय लांब आणि डोकं लहान येतं. मोनोपॉड घ्या, ट्रायपॉडला जागा मिळत नाही.

फोकस कंटिन्युअस ठेवा आणि ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी 'लॉक्ड'कडे सरकवा, मग मध्ये कुणी आलं तरी कॅमेरा लगेच विषय बदलत नाही. मॉडेल बाहेर येताच तिच्या चेहऱ्यावर फोकस धरा, ती निम्म्यात आल्यावर नाही.

काठपदर:
क्षणाबद्दल एक. पुढचा पाय नुकताच टेकलेला आणि मागचा चवड्यावर असतो, तेव्हा निऱ्या पंख्यासारख्या उघडतात. पाय एकमेकांजवळून जाताना निऱ्या मिटतात आणि मॉडेल एका पायावर उभी वाटते. पदर डाव्या खांद्यावरून मागे असल्याने समोरून पदरावरचे मोर दिसतच नाहीत. टोकावर ती वळेल तेव्हा तीन-चार फ्रेम त्यांच्यासाठी राखून ठेवा, आणि कोरिओग्राफरला सांगून ठेवा की वळल्यावर तिने दोन सेकंद पदर पसरून थांबावं.